व्हिएन्नाचा जामदारखाना आणि हिटलरच्या नावावर खपणारा भाला

व्हिएन्नातील होफबुर्ग राजवाड्याच्या सर्वांत जुन्या भागात, श्वाइत्सरहोफ नावाच्या चौकात, ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग सम्राटांचा जामदारखाना आहे. जर्मनमध्ये त्याला कायझरलिशे शाट्झकामर म्हणतात आणि त्याची व्यवस्था कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयाकडे आहे. १५५२ सालच्या लाल कमानीखालून आत शिरले की चौकाच्या कडेला त्याचे प्रवेशद्वार लागते. ते इतके साधे आहे की राजवाड्याची भव्य दालने पाहण्याच्या घाईत असलेले बरेच पर्यटक त्याच्यासमोरून तसेच पुढे निघून जात असावेत. मी मात्र मुद्दाम त्याच्यासाठीच म्युनिकहून रेल्वेने गेलो होतो, आणि त्याला कारण माझा भाचा होता. गेली दोन वर्षे तो मला एकामागून एक व्हिडिओ पाठवत होता. ख्रिस्ताच्या कुशीत खुपसलेला भाला हिटलरने कसा पळवला, त्याच्या जोरावर अर्धे जग कसे जिंकले आणि तो हातातून निसटताच त्याचा अंत कसा झाला, हे त्या सर्वांचे सार. 'मामा, एकदा प्रत्यक्ष बघू या' असे तो म्हणाला, आणि दोन दिवसांची सुट्टी सत्कारणी लावावी म्हणून मीही होकार दिला.

या परीक्षणात दोन सेवांविषयी लिहीत आहे. पहिली म्हणजे शहरात पैसे घेऊन घडवली जाणारी 'नाझी गूढविद्ये'ची एक खासगी पदयात्रा. तिच्या चालकांचे नाव मी देणार नाही, कारण त्याच मालाची अशी दुकाने इतर शहरांतही आहेत. दुसरी म्हणजे खुद्द जामदारखाना. पहिलीसाठी मोजलेले पैसे वाया गेले, असे मी सरळ म्हणेन. दुसरीत आम्ही साडेतीन तास होतो आणि तेवढा वेळही कमी पडला.

पदयात्रेची सुरुवात हेल्डेनप्लाट्झपासून झाली. १५ मार्च १९३८ रोजी, ऑस्ट्रियाचे जर्मनीत विलीनीकरण झाल्यावर, नव्या राजवाड्याच्या गच्चीवरून हिटलरने इथेच प्रचंड जनसमुदायासमोर भाषण केले. एवढे सांगून झाल्यावर आमच्या वाटाड्याने आवाज खाली आणला आणि पुढचा तासभर तो त्याच आवाजात बोलत राहिला. त्याचे म्हणणे असे: तरुण हिटलर व्हिएन्नात भणंगासारखा राहत असताना जामदारखान्यातील भाल्यासमोर तासन्‌तास उभा राहायचा, एकदा तर तिथेच त्याची समाधी लागली आणि त्या अवस्थेत त्याला स्वतःचे भवितव्य दिसले. सत्ता मिळताच त्याने सर्वांत आधी तो भाला ताब्यात घेतला. ३० एप्रिल १९४५ च्या दुपारी अमेरिकन सैनिकांचा हात भाल्याला लागला आणि त्यानंतर काही तासांतच बर्लिनच्या तळघरात हिटलरने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मध्येच तो माझ्याकडे वळून म्हणाला, 'तुम्ही भारतीय, तुम्हाला स्वस्तिकाची शक्ती वेगळी काय सांगायची!' आमच्याकडे स्वस्तिक उंबरठ्यावर, हिशेबाच्या वहीवर आणि नव्या गाडीच्या पुढच्या भागावर काढतात आणि त्यातून अजून कोणी युरोप जिंकलेला नाही, असे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. परंतु भाच्याचा रस मोडू नये म्हणून मी गप्प राहिलो. ज्या माणसाच्या 'भारतीय गूढशक्ती'विषयी आपल्याकडे इतके निरोप फिरतात, त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात भारत इतर कोणाच्या हाती जाण्यापेक्षा ब्रिटिशांच्या हाती असलेला आपल्याला अधिक बरा वाटेल, असे लिहून ठेवले आहे, हे मात्र मी भाच्याला त्या रात्री जेवताना ऐकवले.

हिटलर १९०८ ते १९१३ या काळात व्हिएन्नात राहिला आणि त्या काळात त्याचे बरेच हाल झाले, हे खरे आहे. समाधीची गोष्ट मात्र त्या काळातील कोणत्याही कागदात सापडत नाही. ती रूढ झाली १९७० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकातून, आणि त्या पुस्तकाचा पुढचा प्रवास फारच मनोरंजक आहे. काही वर्षांनी एका भयकथालेखकाने त्यातील भाल्याची हकिकत आपल्या कादंबरीत वापरली, तेव्हा मूळ लेखकाने लंडनच्या न्यायालयात त्याच्यावर स्वामित्वहक्काचा दावा लावला. आपण इतिहासातील घटना घेतल्या आणि इतिहासावर कोणाची मालकी नसते, असा कादंबरीकाराचा बचाव होता. तो न्यायालयाने मानला नाही आणि निकाल मूळ लेखकाच्या बाजूने लागला. ज्या कथेला जगभर इतिहास म्हणून वाचले गेले, तिच्या मांडणीवरचा हक्क एका लेखकाच्या नावे कोर्टाकडून मान्य झाला, हा योगायोग पदयात्रेच्या वाटाड्याला ठाऊक असता तर त्याने तो बहुधा सांगितला नसता.

आता जामदारखान्याकडे वळतो.

आत एकूण २१ दालने आहेत आणि लौकिक व धार्मिक असे त्यांचे दोन भाग आहेत. प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला आहे, त्यामुळे पहिल्या एकदोन दालनांत डोळे सरावेपर्यंत थोडे थांबावे लागते. ऑडिओ गाइड भाड्याने मिळतो. तो जरूर घ्यावा, कारण काचपेट्यांशेजारचा मजकूर आटोपशीर आहे आणि या वस्तूंचे सारे महत्त्व त्यांच्या हस्तांतरांत आहे. पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे मध्ययुगापासून १८०६ पर्यंत टिकलेल्या जर्मन सम्राटांच्या राज्याची, राजचिन्हे ज्या दालनात आहेत तिथे सर्वाधिक गर्दी असते. मध्यभागी अष्टकोनी मुकुट आहे. तो दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानला जातो. त्याच्यावर १४४ रत्ने आणि जवळपास तितकेच मोती आहेत. हल्लीच्या दागिन्यांसारखे पैलू पाडून नव्हे, तर नुसते घासून गुळगुळीत करून ही रत्ने बसवलेली आहेत, त्यामुळे ती चमकत नाहीत. आतून उजळल्यासारखी दिसतात. मी त्या मुकुटासमोर इतका रेंगाळलो की भाच्याने बाहीला ओढून मला पुढे नेले.

आणि मग तो भाला. 'मामा, हाच का तो?' या प्रश्नातली निराशा त्याला लपवता आली नाही. सुमारे ५१ सेंटिमीटर लांबीचे, काळपट लोखंडी पाते. मधोमध उभी चीर पाडून तिच्यात एक लोखंडी सळई बसवलेली. पाते कधीतरी मोडलेले आणि ते जोडण्यासाठी त्याच्यावर एकावर एक पत्रे गुंडाळलेले. सर्वांत वरचा पत्रा सोन्याचा आहे आणि तो नसता तर एखाद्या लोहाराच्या भंगारात हे पाते सहज खपून गेले असते. माझ्या मते या दालनातील सर्वांत वाचनीय वस्तू हीच आहे. 'वाचनीय' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरत आहे, कारण या पत्र्यांवर अक्षरे आहेत आणि ती नीट वाचली तर पदयात्रेतील निम्मी गोष्ट तिथल्या तिथे गळून पडते.

सोन्याच्या पत्र्याखाली चांदीचा पत्रा आहे. तो अकराव्या शतकात सम्राट चौथ्या हेन्रीने बसवून घेतला आणि त्यावरील लॅटिन मजकुरात हा भाला संत मॉरिशसचा असल्याचे स्पष्ट म्हटलेले आहे. मॉरिशस हा रोमन सैन्यातील हुतात्मा झालेला ख्रिस्ती अधिकारी मानला जातो. ख्रिस्ताच्या कुशीत भाला खुपसणाऱ्या लॉंगिनस या शिपायाचे त्यात नाव नाही. त्या काळी या वस्तूचे पावित्र्य मुख्यतः मधल्या सळईत होते, कारण तिच्यात ख्रिस्ताला क्रुसावर ठोकलेल्या खिळ्याचा अंश आहे अशी श्रद्धा होती. पुढे चौदाव्या शतकात चौथ्या चार्ल्सने वरून सोन्याचा पत्रा चढवला आणि त्यावर 'प्रभूचा भाला आणि खिळा' अशा अर्थाचे शब्द कोरले. म्हणजे मॉरिशसचा भाला हा तीनेक शतकांच्या अवधीत प्रभूचा भाला झाला, आणि हा बदल कोणत्या थरावर झाला तेही डोळ्यांनी दिसते. चार्ल्सच्याच विनंतीवरून १३५४ साली पोपने या भाल्याचा व खिळ्याचा वार्षिक सणही मंजूर केला. धातूच्या तपासणीवरून आणि घडणीवरून पाते आठव्या शतकाच्या सुमाराचे, फ्रँक सम्राट शार्लमेनच्या घराण्याच्या काळातील ठरते. ख्रिस्ताच्या मृत्यूनंतर सातशे वर्षांनी घडलेले पाते ख्रिस्ताला लागलेले नाही, हे सांगायला गूढविद्येची गरज नाही.

याचा अर्थ मध्ययुगात त्याला किंमत नव्हती असा मात्र नाही, उलट फारच होती. दहाव्या शतकातील एका वृत्तांतानुसार जर्मन राजा पहिल्या हेन्रीने तो बर्गंडीच्या रुडॉल्फकडून मिळवला. त्यासाठी आधी धमक्या दिल्या आणि अखेरीस श्वाबियाचा काही मुलूख तोडून दिला. त्याचा मुलगा ऑटो याने ९५५ साली लेखफेल्डच्या मैदानात मग्यारांचा, म्हणजे हंगेरियन टोळ्यांचा, पराभव केला तेव्हा हा भाला त्याच्याबरोबर होता. शेजारच्या पेटीतील अकराव्या शतकातला साम्राज्याचा क्रूस पाहावा. तो आतून पोकळ आहे आणि त्याच्या आडव्या बाजूत हा भाला ठेवायची सोय केलेली होती. ज्याच्याकडे हा भाला, त्याचा राज्यावरचा हक्क पक्का, अशी त्यामागची समजूत होती. आपल्या भाषेत सांगायचे तर ते साम्राज्याच्या सातबाऱ्यावरचे नाव होते, आणि मुलूख देऊन ते विकत घेतले गेले होते.

हिटलरला १९३८ साली नेमके हेच हवे होते, असे माझे मत या दालनात उभे राहून अधिक पक्के झाले. १४२४ साली सम्राट सिगिसमुंडने ही सर्व राजचिन्हे व अवशेष कायमस्वरूपी सांभाळण्यासाठी न्यूरेंबर्ग शहराच्या हवाली केले. तिथे ते पावणेचारशे वर्षे राहिले आणि त्यांतली पहिली सुमारे शंभर वर्षे ते दरवर्षी जाहीर दर्शनासाठी बाहेर काढले जात. १७९६ साली फ्रेंच फौजा चालून आल्या तेव्हा ते आधी रेगेन्सबुर्गला आणि १८०० साली व्हिएन्नाला हलवले गेले. १८०६ मध्ये साम्राज्यच विसर्जित झाले, ठेव देणारा उरला नाही आणि न्यूरेंबर्गच्या तोंडी मात्र 'आमची ठेव परत द्या' ही मागणी उरली. नाझींनी याच शहराला आपल्या वार्षिक मेळाव्यांचे शहर केल्यावर तिथल्या नाझी महापौराने, विली लीबेलने, हा जुना दावा नेटाने पुढे रेटला. विलीनीकरणानंतर ऑगस्ट १९३८ च्या अखेरीस सर्व राजचिन्हे रेल्वेने न्यूरेंबर्गला गेली आणि सप्टेंबरच्या मेळाव्याच्या वेळी कॅथरिन चर्चमध्ये मांडली गेली. हिटलरच्या आत्मचरित्रातही व्हिएन्नातील राजचिन्हांचा उल्लेख आहे. त्यांची मोहिनी अजून ओसरलेली नाही, असे तो म्हणतो खरा. पण ती मोहिनी कशाची, तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्या अखंड नात्याचे तारण म्हणून. भाल्याचे वेगळे नावही तो तिथे घेत नाही.

याच सप्टेंबर १९३८ च्या मेळाव्यातील एक विसंगती मला पदयात्रेच्या सगळ्या गोष्टींपेक्षा अधिक रोचक वाटते. ज्या दिवसांत हे अवशेष शहरात मांडले होते, त्याच दिवसांत संस्कृतीविषयक भाषणात हिटलरने पक्षात घुसणाऱ्या गूढवाद्यांवर कोरडे ओढले. राष्ट्रीय समाजवाद हा वास्तवावर आणि विज्ञानावर आधारलेला विचार आहे, तो पूजापाठाचा पंथ नाही आणि परलोकाचा शोध घेणाऱ्या गूढसंशोधकांना त्यात थारा देता कामा नये, असा त्या भाषणाचा आशय होता. त्याने स्वतःच्या राजवटीला 'वैज्ञानिक' म्हणणे किती भयंकर होते ते वेगळे सांगायला नको. वंशशास्त्राच्या नावाखाली जे झाले ते जगाने पाहिले. परंतु भाल्यातून शक्ती घेणाऱ्या माणसाच्या तोंडी हे भाषण शोभत नाही. मे १९४१ मध्ये हिटलरचा पक्षातील उपनेता रुडॉल्फ हेस विमानाने परस्पर स्कॉटलंडला निघून गेल्यावर तर जूनमध्ये राजवटीने ज्योतिषी, गूढवादी आणि तत्सम मंडळींची देशभर धरपकड केली.

एक शंका वाटाड्याला विचारायची राहून गेली आणि ती मला लौकिक विभागात एका काचपेटीसमोर सुचली. तिथे अकीकाच्या एकाच दगडातून कोरलेले, ७६ सेंटिमीटर रुंदीचे एक प्राचीन वाडगे आहे. ते चौथ्या शतकातील मानतात. दगडाच्या नैसर्गिक रेषांत ख्रिस्ताचे नाव उमटलेले दिसते अशी समजूत असल्यामुळे हेच ते अखेरच्या भोजनातील पवित्र पात्र, म्हणजे होली ग्रेल, असे हाब्सबुर्ग घराण्यात कित्येक पिढ्या मानले गेले. सोळाव्या शतकात घराण्यातील भावांनी ठराव केला की हे पात्र आणि युनिकॉर्नचे शिंग या दोन वस्तू कोणी एकाने कधीही घेऊ नयेत, त्या अविभाज्य राहाव्यात. शिंगही शेजारीच आहे. सुमारे अडीच मीटर लांबीचा तो नारव्हाल नावाच्या समुद्री सस्तन प्राण्याचा दात आहे. आता प्रश्न असा की, पवित्र वस्तूंतून अद्‌भुत शक्ती मिळवण्यासाठी हपापलेल्या राजवटीने त्याच इमारतीत असलेले हे 'ग्रेल' व्हिएन्नातच का ठेवले? उत्तर सरळ आहे. ते कधीही न्यूरेंबर्गच्या ठेवीत नव्हते. न्यूरेंबर्गला जी यादी गेली, ती जुन्या दाव्याची यादी होती.

पुढचा पुरावा न्यूरेंबर्गमध्येच आहे. युद्धात ही संपत्ती किल्ल्याच्या टेकडीखालच्या खडकात, ओबेरे श्मिडगासे या गल्लीतून उतरणाऱ्या तळघरात ठेवली होती. ते तळघर मी पूर्वी एकदा वाटाड्याबरोबर पाहिलेले आहे आणि व्हिएन्नापेक्षा न्यूरेंबर्ग ज्यांना जवळ पडते त्यांनी ते अवश्य पाहावे. शहर २० एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याच्या हाती पडले, त्यामुळे ३० एप्रिलच्या दुपारचा नाट्यमय योग दहा दिवसांनी हुकतो. अमेरिकनांनी तळघर उघडून यादी पडताळली तेव्हा पाच वस्तू गायब होत्या: मुकुट, राजगोल, राजदंड आणि दोन तलवारी. त्या एस.एस. या नाझी निमलष्करी संघटनेने ऑस्ट्रियातील एका सरोवरात बुडवल्या, अशी आवई उठवण्यात आली होती. वॉल्टर हॉर्न या, मूळच्या जर्मन आणि पुढे बर्कली विद्यापीठात कलेतिहास शिकवणाऱ्या, अमेरिकन लेफ्टनंटने १९४५ च्या उन्हाळ्यात शहराच्या अधिकाऱ्यांकडून खरे वदवून घेतले. पाचही वस्तू पानियेरप्लाट्झखालच्या दुसऱ्या एका तळघरात भिंतीत चिणून ठेवलेल्या निघाल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, पराभव समोर दिसत असताना भावी जर्मनीसाठी काय लपवावे याची निवड करताना त्या अधिकाऱ्यांनी राज्याभिषेकाची चिन्हे उचलली. भाला त्यांनी मूळ तळघरातच सोडून दिला. जानेवारी १९४६ मध्ये सर्व काही व्हिएन्नाला परतले.

भाच्याने यावर एक रास्त आक्षेप घेतला आणि तो इथे नोंदवला पाहिजे. 'मग सगळेच खोटे का? हिमलर तर असल्या गोष्टींच्या मागे होताच ना?' होता, यात शंका नाही. एस.एस.चा प्रमुख हाइनरिख हिमलर याची प्राचीन जर्मन थोरवीची आवड वेडापर्यंत गेलेली होती. भाला मिळवणाऱ्या त्याच पहिल्या हेन्रीच्या मृत्यूला १९३६ साली हजार वर्षे झाली, तेव्हा क्वेडलिनबुर्गच्या चर्चमध्ये त्याने मोठा समारंभ घडवून आणला. राजाची हाडे तिथे सापडत नव्हती, म्हणून एस.एस.ने उत्खनन केले, 'सापडलेली' हाडे १९३७ मध्ये वाजतगाजत पुन्हा पुरली आणि युद्धानंतर तपास झाल्यावर तो सारा बनाव ठरला. अवशेषांच्या इतिहासात नाझींची स्वतःची भर कोणती, असे कोणी विचारले तर मी या हाडांकडे बोट दाखवेन. ऑक्टोबर १९४० मध्ये तो स्पेनमधील मॉन्सेरातच्या मठातही जाऊन आला आणि ग्रेलच्या दंतकथांत रमलेला ऑटो रान नावाचा लेखक काही काळ एस.एस.मध्ये होता. परंतु हिमलरचे छंद म्हणजे संपूर्ण राजवटीची कळ नव्हे, आणि त्या छंदांची किंमत कोणी मोजली हे व्हिडिओंमध्ये सांगितले जात नाही.

ते पाहायचे असेल तर पाडरबोर्नजवळच्या वेवेल्सबुर्ग किल्ल्यात जावे. मी तिथे तीन वर्षांपूर्वी गेलो होतो आणि या परीक्षणाच्या ओघात त्याचीही शिफारस करतो. सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा त्रिकोणी किल्ला हिमलरने १९३४ साली वर्षाला एक मार्क भाड्याने शंभर वर्षांसाठी घेतला. उत्तर बुरुजात बारा खांबांचे एक दालन आहे. त्याच्या जमिनीत गडद हिरव्या दगडाचे बारा आऱ्यांचे चक्र बसवलेले आहे. त्याला 'काळा सूर्य' म्हणतात. पण हे नाव नाझी काळातील कागदांत आढळत नाही, ते चक्राला चिकटले युद्धानंतर कित्येक दशकांनी. त्या दालनात कोणते गूढ विधी झाले याचीही विश्वसनीय नोंद नाही, कारण बांधकामच पुरे झाले नाही. जे झाले त्याची नोंद आहे: या बांधकामासाठी शेजारीच नीडरहागेन ही छळछावणी उभारली गेली, तिथे सुमारे ३,९०० कैदी आणले गेले आणि त्यांपैकी किमान १,२८५ मरण पावले. किल्ल्यासमोरच्या जुन्या पहारेघरातील स्मारक-संग्रहालय २०१० पासून हा सगळा इतिहास नव्या मांडणीत दाखवते. बारा खांबांच्या दालनात व्यवस्थापनाने चक्क बसायच्या मऊ गाद्या टाकून ठेवल्या होत्या, जेणेकरून कोणी तिथे भक्तिभावाने उभे राहू नये. कोणत्याही संग्रहालयात मी पाहिलेली ही सर्वांत शहाणी युक्ती आहे. किल्ल्याच्या एका भागात युवा वसतिगृह असल्यामुळे मुलांचा गोंगाटही भरपूर असतो, आणि तो तिथे हवाच.

व्हिएन्नाच्या जामदारखान्याकडून माझी एकच अपेक्षा आहे. १९३८ ते १९४६ ही आठ वर्षे राजचिन्हांच्या हजार वर्षांत किरकोळ वाटत असतील. परंतु भाल्यासमोर येणाऱ्यांपैकी पुष्कळजण नेमकी तीच आठ वर्षे मनात घेऊन येतात. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात तीन वेगवेगळ्या भाषांत मला हिटलरचे नाव ऐकू आले. अशा लोकांसाठी त्या पेटीजवळ न्यूरेंबर्गच्या वाहतुकीचे कागद, मेळाव्यातील मांडणीची छायाचित्रे आणि हॉर्नच्या तपासाची हकिकत यांना अधिक जागा दिली, तर बाहेरच्या पदयात्रांचा धंदा बराच मंदावेल. कुजबुजत्या आवाजाला उत्तर म्हणून संग्रहालयाने गप्प राहणे मला पटत नाही, जरी त्यामागचा संकोच मी समजू शकतो.

आणखी एक सूचना. भाल्याच्या नादात धार्मिक विभाग आणि राजचिन्हांबरोबरचे इतर अवशेष राहून जातात. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा म्हणून जपलेला दात, ख्रिस्तजन्माच्या गव्हाणीची म्हणून जपलेली लाकडाची चिप, संत ॲनचे म्हणून जपलेले हाताचे हाड, हे सारे इथे आहे, आणि प्रत्येकाभोवतीचे सोनारकाम पाहिल्यावर लक्षात येते की मध्ययुगीन माणसाचा भाव कुठे गुंतलेला होता. भालेही जगात एकापेक्षा अधिक आहेत: एक रोममध्ये सेंट पीटरच्या चर्चमध्ये, १४९२ साली तुर्की सुलतान बायझीदने पोपला पाठवलेला, एक आर्मेनियात एच्मियाद्झिनला, आणि व्हिएन्नाच्या भाल्याची सम्राट तिसऱ्या ऑटोने इ.स. १००० साली पोलंडच्या राजकर्त्याला भेट दिलेली प्रतिकृती क्राकोमध्ये. १९४३ च्या सप्टेंबरपासून पुढच्या जूनपर्यंत रोम शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. तिथल्या भाल्याची मात्र कोणी व्हिडिओवाला आठवण काढत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. जामदारखाना मंगळवारी बंद असतो. आमच्या शेजारच्या खोलीतील कुटुंब नेमके मंगळवारी जाऊन परत आले होते. हेरेनगासे हे भुयारी रेल्वेचे स्थानक सोयीचे आहे, तिथून पाच-सात मिनिटांत पायी पोहोचता येते. सकाळी दार उघडतानाच जावे, कारण दुपारी मोठे गट आले की मुकुटासमोर दोन मिनिटेही शांतपणे मिळत नाहीत. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयही पाहायचे असेल तर दोन्हींचे एकत्र तिकीट परवडते. लहान मुले बरोबर असल्यास त्यांना आधी युनिकॉर्नचे शिंग दाखवावे, म्हणजे पुढचे दोन तास ती कुरकुर करत नाहीत. पदयात्रेचे पैसे वाचवून त्यात ऑडिओ गाइड घ्यावा आणि उरलेल्यात कॉफी.

संध्याकाळी परतताना भाच्याने रेल्वेत फोन काढून दिवसभराची छायाचित्रे दाखवली. भाल्याचे एक होते, थोडे हललेले. चांदीच्या पत्र्यावरील अक्षरांची अकरा होती, आणि बाराव्या छायाचित्रात त्याने चौथ्या हेन्रीचे नाव बोटाने दाखवले होते.